नोकरी सांभाळून दुसरं काम करायचंय? सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी आधी काय करावं

एका तालुक्याच्या कार्यालयातला कनिष्ठ सहायक कारणे दाखवा नोटीस घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसला होता. मी तेव्हा आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेची प्रकरणं बघणाऱ्या शाखेत होतो. हा मुलगा रविवारी आणि सुटीच्या दिवशी एका खतांच्या दुकानाचे हिशेब लिहायचा. त्याचे महिन्याला चार हजार रुपये मिळायचे. तीन वर्षं कोणी काही बोललं नाही. मग एक दिवस दुकानाच्या पगारपत्रकाची झेरॉक्स जोडलेला तक्रारअर्ज आवकेत आला. "साहेबांना विचारूनच सुरू केलं होतं हो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्यानं विचारलं होतं, हे मलाही ठाऊक होतं. पण ते साहेब बदलून गेले होते आणि फाइलला कागद नव्हता. शेवटी त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. रीतसर अर्ज केला असता, तर कदाचित ते काम त्याला करताही आलं असतं.

अशा कितीतरी फाइली हाताखालून गेल्या. त्यातली निम्मीअधिक माणसं लबाड नव्हती. त्यांना नियम माहीत नव्हता, किंवा "सगळेच करतात" यावर ती निर्धास्त होती. त्यांच्यासारख्यांसाठी हे लिहितोय. दुसरं काम करू नका, असं मी सांगणार नाही. ते कधी चालतं, कधी मुळीच चालत नाही आणि चालत असेल तर कागद कसा करायचा, एवढंच सांगतो.

पहिली पायरी: तुम्हाला कोणते नियम लागू आहेत ते शोधा

"सरकारी नोकर" हा शब्द आपण सैल वापरतो. नियम मात्र प्रत्येकाचे वेगळे आहेत, आणि चुकीच्या नियमाचा हवाला देऊन केलेला अर्ज परत येतो.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. आपल्या विषयाचा नियम त्यातला १६ वा, खाजगी व्यापार किंवा नोकरीबद्दलचा. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासाठी महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ आहेत. खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षक-शिक्षकेतरांना १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालचे १९८१ चे नियम लागतात. शाळेत आपण त्यांना नुसतं "एमईपीएस" म्हणतो. टपाल, केंद्रीय विद्यालय अशा ठिकाणची मंडळी केंद्राच्या बाजूची, आणि केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १५ हा आपल्या १६ व्या नियमाचा भाऊच आहे. गोव्यातले सरकारी कर्मचारीही या केंद्रीय नियमांनुसारच चालतात.

महाविद्यालय आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची विनियमावली आहे. तिच्यातल्या आचारसंहितेनुसार, शिक्षकी जबाबदारीत अडथळा येईल अशी दुसरी नोकरी किंवा बांधिलकी घ्यायची नाही, आणि त्यात खाजगी शिकवण्या व कोचिंग क्लास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याशिवाय विद्यापीठाचे स्वतःचे सल्लासेवेचे नियम असतात. ते कुलसचिव कार्यालयातून मागून घ्या.

कंत्राटी असाल, शिक्षण सेवक (सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर नेमलेले शिक्षक) असाल किंवा तासिका तत्त्वावर असाल, तर नेमणुकीचा आदेश काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. अटी बहुतेक वेळा शेवटीच असतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना दोन-तीन महाविद्यालयांत शिकवावं लागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांची नेमणूक पूर्णवेळ नसते, म्हणून त्यांच्यासाठी आदेशातली अटच निर्णायक ठरते.

दुसरी पायरी: काम कोणत्या ढिगात बसतं ते ठरवा

आस्थापनेत अर्ज आला की आम्ही मनातल्या मनात त्याचे तीन ढीग करायचो. तुम्हीही तसेच करा.

पहिला ढीग, परवानगी मागूनही मिळणार नाही अशा कामांचा. शाळेच्या शिक्षकांसाठी यात खाजगी शिकवणी सगळ्यात वर. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ चं कलम २८ एका ओळीचं आहे: कोणताही शिक्षक खाजगी शिकवणी किंवा खाजगी अध्यापनाचं काम करणार नाही. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्या कलमात "परवानगीशिवाय" हा शब्दच नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी किंवा संस्थेच्या अध्यक्षांनी लेखी दिलं तरी त्याला अर्थ उरत नाही. कलम २४ नुसार कर्तव्यात कसूर केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

शिष्यवृत्तीच्या मुलांचे जादा तास शाळेतच, शाळेच्या नावानं, कोणाकडूनही पैसे न घेता घेतले तर ते शाळेचंच काम. तीच मुलं संध्याकाळी तुमच्या घरच्या ओसरीवर बसली आणि पालकांनी पाकीट दिलं की ती शिकवणी झाली. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आपल्याच वर्गातल्या मुलाला घरी बोलावणं. त्या पोराला वर्गात कमी आणि क्लासमध्ये जास्त मिळायला लागतं, आणि ज्याच्या बापाला फी परवडत नाही ते मूल मागच्या बाकावर बसून हे सगळं बघत असतं. नियम असो वा नसो, हे होता कामा नये.

शिक्षण सेवकांची अडचण मला कळते. २०२३ साली मानधन वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं. घरापासून दोनशे मैल लांब खोली घेऊन राहणाऱ्याला तेही पुरत नाही. पण कलम २८ नियमित आणि शिक्षण सेवक असा भेद करत नाही, आणि तीन वर्षांच्या काळात आलेली एक तक्रार नियमित होण्याच्या आड येऊ शकते. हा धोका पत्करू नका.

याच ढिगात आणखी काही येतं. आपल्या कार्यालयाशी ज्याचं काम पडतं अशा ठेकेदाराकडे, पुरवठादाराकडे किंवा अर्जदाराकडे काम करणं. स्वतःच्या नावावर विमा एजन्सी, कमिशन एजन्सी, साखळी पद्धतीची विक्री. व्यवसायरोध भत्ता (खाजगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता) घेणाऱ्या सरकारी डॉक्टरांची खाजगी प्रॅक्टिस. शेअरबाजाराचंही सांगून ठेवतो. गुंतवणूक चालते, रोज घ्यायचं, रोज विकायचं हा सट्टा धरला जातो आणि वर्तणूक नियमांत त्याला मनाई आहे.

दुसरा ढीग, परवानगी लागत नाही अशा कामांचा. नियम १६ मध्येच सूट आहे: सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम, आणि साहित्य, कला, विज्ञान यांतलं प्रासंगिक काम. अट एवढीच की त्यामुळे कर्तव्याला बाध येऊ नये, आणि शासनानं थांबवायला सांगितलं तर थांबावं. दिवाळी अंकात कथा लिहिणं, गावच्या वाचनालयाचं विनावेतन काम बघणं, रक्तदान शिबिर भरवणं, शिक्षकांच्या पतसंस्थेच्या कारभारात भाग घेणं, हे यात बसतं.

"प्रासंगिक" या शब्दावर मात्र बोट ठेवा. वर्षातून चार कविसंमेलनं प्रासंगिक आहेत. लग्नसराईत दर शनिवार-रविवार ठरलेल्या दरानं सूत्रसंचालन करणं हा धंदा झाला, मग तुम्ही त्याला कला म्हणा. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासणं, मतदान, जनगणना ही नेमून दिलेली कामं; त्यांचा इथे संबंध नाही.

शेती हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. वडिलोपार्जित जमीन कसणं किंवा कसून घेणं, घर भाड्यानं देणं, ठेवीवर व्याज मिळणं हे मालमत्तेचं उत्पन्न आहे. ते मत्ता-दायित्वाच्या, म्हणजे आपली मालमत्ता आणि कर्जं दाखवायच्या विवरणपत्रात दाखवा आणि निश्चिंत राहा. पण कृषी सेवा केंद्राचा परवाना, अडत दुकान, दूध संकलन केंद्र तुमच्या नावावर असेल, तर तो व्यापार आहे.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा: आधी परवानगी घेतली तर चालू शकतं अशा कामांचा. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक म्हणून तास घेणं, दुसऱ्या संस्थेत अभ्यागत व्याख्याता म्हणून जाणं, सल्लागार म्हणून अहवाल लिहिणं, परीक्षेची मार्गदर्शक पुस्तकं लिहून प्रकाशकाकडून नियमित पैसे घेणं, अनुवादाची कामं. एखाद्या सार्वजनिक संस्थेकडून किंवा खाजगी व्यक्तीकडून कामाची फी घ्यायची असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, हेही नियम १६ मध्येच आहे.

यूट्यूबबद्दल आता रोज कोणीतरी विचारतं. १९७९ च्या नियमांत तो शब्द असणं शक्य नाही, पण नियमाचा गाभा लावून बघता येतो. शाळेतले प्रयोग मुलांसाठी विनामूल्य टाकलेत, जाहिरातींचं उत्पन्न सुरू केलेलं नाही, तर ते शैक्षणिक काम आहे. मुलांचे चेहरे दाखवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. जाहिरातींचे पैसे दर महिन्याला खात्यात यायला लागले की ते नियमित उत्पन्न झालं, आणि माझ्या मते त्या दिवशी अर्ज करायलाच हवा. पैसे घेऊन एखाद्या कंपनीच्या ॲपची भलामण करू नका. राज्य शासनानं जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबद्दल कर्मचाऱ्यांना सूचना दिल्या आहेत, त्याही वाचून ठेवा.

तिसरी पायरी: घरच्यांच्या धंद्याची नोंद द्या

बायकोचं ब्युटी पार्लर आहे, नवऱ्याचं मेडिकल आहे, मुलानं विम्याची एजन्सी घेतली आहे. यात गैर काही नाही. त्यांना त्यांचा व्यवसाय करण्याचा पूर्ण हक्क आहे. तुमचं काम एवढंच की कुटुंबातली व्यक्ती व्यापार करत असेल किंवा विमा अथवा कमिशन एजन्सी चालवत असेल तर कार्यालयाला लेखी कळवायचं. साध्या कागदावर पाच ओळी पुरतात.

लोक अडकतात ते पुढच्या भागात. पत्नीच्या एजन्सीसाठी तुम्ही सहकाऱ्यांकडे पॉलिसी मागितली, तर तो तुमचा नियमभंग मानला जातो. नियमातच तसं स्पष्टीकरण दिलेलं आहे. पगाराच्या दिवशी स्टाफरूममध्ये फॉर्म फिरवणारे गुरुजी मी पाहिलेत. फॉर्मवर सही बाईंची, अक्षर गुरुजींचं. चौकशीत ते अक्षरच पुरावा ठरलं. पत्नीच्या नावावर क्लास आणि शिकवायला स्वतः, हाही तोच प्रकार.

चौथी पायरी: अर्जाआधी स्वतःला चार प्रश्न विचारा

हे काम देणाऱ्याचा माझ्या कार्यालयाशी काही संबंध आहे का? मी ज्यावर सही करतो, ज्याची तपासणी करतो, ज्याला गुण देतो, त्याच्याकडून मी पैसे घेतोय का? कार्यालयाचा संगणक, कागद, गाडी, शिपाई, शाळेची खोली यांतलं काही वापरलं जाणार आहे का? आणि, या माणसानं मला माझ्या ज्ञानासाठी बोलावलंय की खुर्चीसाठी?

शेवटचा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या क्लासला व्याख्यानं देणाऱ्या अधिकाऱ्यांनी तर विचारलाच पाहिजे. पुण्यातल्या अभ्यासिकांत दिवस काढलेल्या माणसाला आपल्या मागून येणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, ती भावना खरी आहे. तुमचं नाव आणि पदनाम क्लासच्या फलकावर छापलं गेलं की मात्र जाहिरात क्लासची होते आणि त्यात पद शासनाचं वापरलं जातं. मोफत, सगळ्यांसाठी खुल्या कार्यक्रमात, पदनाम जाहिरातीत न छापण्याच्या अटीवर जा. परीक्षेच्या कामाशी कुठलाही संबंध असेल तर तेही टाळा.

चारपैकी एकाही उत्तरापाशी अडखळलात तर ते काम सोडून द्या.

पाचवी पायरी: अर्ज

अर्ज योग्य मार्गानेच जातो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा वर सरकतो. खाजगी शाळेत मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे. मंजुरी देणारा सक्षम प्राधिकारी कोण, हे संवर्गानुसार बदलतं. आस्थापनेच्या लिपिकाला विचारून तेच पदनाम "प्रति" मध्ये लिहा.

मी पाहिलेला सगळ्यात चांगला अर्ज एका कीर्तनकार शिक्षकांचा होता. प्रासंगिक कलेसाठी परवानगी लागत नाही, असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. पण सप्ताहांची बोलावणी वाढली होती आणि बिदागी मिळत होती, म्हणून त्यांनी स्वतःहून लिहिलं. थोडा बदलून तो मजकूर देतो, कारण असा अर्ज मंजूर करताना अधिकाऱ्याचा हात अडत नाही:

"विषय: शालेय वेळेबाहेर कीर्तनसेवा करण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत. महोदय, मी उपरोक्त शाळेत सहशिक्षक पदावर कार्यरत आहे. मला वर्षभरात अंदाजे पंधरा कीर्तनांची निमंत्रणे येतात. सदर कीर्तने सायंकाळी सात नंतर किंवा सार्वजनिक सुटीच्या दिवशी असतात. बाहेरगावी जाताना आवश्यक तेथे नैमित्तिक रजा घेईन व मुख्यालय सोडण्याची परवानगी घेईन. आयोजक संस्थांचा माझ्या शाळेशी अथवा शिक्षण विभागाशी आर्थिक संबंध नाही. प्रत्येक वेळी साधारण रुपये अमुक इतकी बिदागी मिळते. तिचा तपशील वर्षाअखेरीस सादर करीन व त्यावरील कर भरीन. माझ्या अध्यापनावर परिणाम होत असल्याचे आढळल्यास परवानगी रद्द करण्यास माझी हरकत असणार नाही. कृपया दिनांक अमुक ते अमुक या कालावधीसाठी परवानगी मिळावी, ही विनंती."

यात काम, वेळ, ठिकाण, पैसे, संबंध नसल्याचं सांगणं आणि कालावधी, सगळं आलं. बाहेरच्या संस्थेचं निमंत्रणपत्र जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" असं म्हटलं तर नम्रपणे तिथेच उभे राहा.

सहावी पायरी: उत्तर येईपर्यंत आणि आल्यावर

उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं धरून काम सुरू करू नका. महिन्यानं स्मरणपत्र द्या, त्यावर आधीचा आवक क्रमांक लिहा. नाकारलं तर कारण लेखी मागा. कधी कधी दिवस कमी केले किंवा एखादी अट मान्य केली की दुसरा अर्ज मंजूर होतो.

मंजुरी आली की तिच्यातल्या अटी वाचा. फीचा काही हिस्सा शासनजमा करायची अट असू शकते. केंद्रीय नियमांत ठरावीक मर्यादेच्या वर एक तृतीयांश भरावा लागतो. मिळालेले पैसे प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवाच. देणाऱ्यानं कर कापला असेल तर तुमच्या पॅनवर नोंद झालेलीच असते, आणि मंजुरी असलेल्या माणसाला ती लपवायचं काही कारण नाही. दरवर्षी ३१ मार्चच्या स्थितीचं मत्ता-दायित्व विवरणपत्र भरताना या उत्पन्नातून घेतलेली गाडी किंवा प्लॉटही त्यात यायला हवा.

रजा आणि निलंबन या दोन काळांत लोक हमखास घसरतात. बिनपगारी असाधारण रजेवर असलात तरी तुम्ही सेवेतच असता. मंजुरीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नाही. निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो तो "मी दुसरी नोकरी किंवा धंदा करत नाही" या प्रमाणपत्रावर. एकीकडे ते लिहून द्यायचं आणि दुसरीकडे मेहुण्याच्या दुकानात पगारावर बसायचं, हे दुसरं दोषारोपपत्र स्वतःच्या हातानं लिहिण्यासारखं आहे.

आधीच सुरू केलं असेल तर

काम आज थांबवा. तक्रार येण्याआधी स्वतःहून लिहा: काय काम, कधीपासून, किती पैसे, आणि आता थांबवलं आहे. कार्योत्तर मंजुरी, म्हणजे काम करून झाल्यावर मागितलेली मंजुरी, हक्कानं मिळत नाही, पण स्वतः कळवणाऱ्याकडे आणि पकडला गेलेल्याकडे चौकशी अधिकारी एकाच नजरेनं बघत नाही.

नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. जिथे चूक आहे तिथे मान्य करा. राज्य कर्मचाऱ्यांची चौकशी १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार चालते: किरकोळ शिक्षेसाठी नियम १०, मोठ्या शिक्षेसाठी नियम ८. ठपका आणि वेतनवाढ रोखणं इथपासून बडतर्फीपर्यंत शिक्षा आहेत. खाजगी शाळेत चौकशी समितीपुढे आपली बाजू मांडायचा हक्क आहे, आणि बडतर्फ केलं, सेवेतून काढलं किंवा पदावनत केलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्या तीस दिवसांतला एकही दिवस "संस्थाचालकांशी बोलून बघू" यात घालवू नका. गंभीर प्रकरणात भारतीय न्याय संहितेचं कलम २०२ ही लागू शकतं. व्यापार न करण्याचं कायदेशीर बंधन असलेल्या लोकसेवकानं तो केला, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा अशी शिक्षा त्यात आहे.

मंजुरीची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. बदली झाली तर जुना आदेश नव्या ठिकाणी चालेल असं समजू नका. रुजू अहवालासोबत त्याची प्रत द्या, हे काम सुरू ठेवू का असं लेखी विचारा, आणि त्या प्रतीवरही आवक क्रमांक घ्या.